3 एचपीचं कडबा कुट्टी मशीन: चार वर्षं रोज वापरल्यानंतर

हे मशीन मी 2021 च्या दिवाळीआधी धुळ्याहून आणलं. मधले दुरुस्तीचे नऊ दिवस सोडले, तर ते आमच्या गोठ्यात रोज दोन वेळा चालतं. आखाजीला चालतं आणि पोळ्यालाही चालतं, कारण सणाच्या दिवशी ढोरांना भूक लागायची थांबत नाही. विकत घेताना मी जे शोधत होते ते मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही. हे एका वर्कशॉपात बनलेलं मशीन आहे आणि अशी वर्कशॉपं धुळ्या-जळगावात बरीच आहेत. नावापेक्षा काय तपासायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीपासून दोनेक कोसांवर. घरी सहा म्हशी, एक वगार आणि एक बैलजोडी. रब्बीला दादर ज्वारी असते, तिचा कडबा माणसापेक्षा उंच होतो आणि ताट चांगलं जाड असतं. विहिरीजवळ अर्धा एकर नेपियर गवत आहे, उन्हाळ्यात थोडा आफ्रिकन टॉल मका करतो. म्हणजे या मशीनच्या तोंडात कोरडं, ओलं, जाड, बारीक सगळंच जातं. गोठ्याचं काम मी आणि सासूबाई बघतो, सालदार शेतात असतो. कुट्टी करायचं काम बहुतेक माझ्याकडे आहे आणि माझी उंची पाच फूट आहे. उंची का सांगितली ते पुढे येईल.

मशीन घेण्याआधी आमच्या घरात बारा वर्षं कुट्टीचं नाव काढत नव्हते. 2009 साली माझ्या चुलत दिरांची, आम्ही त्यांना आबा म्हणतो, उजव्या हाताची तीन बोटं कुट्टीत गेली. ते मशीन मुळात हाताने चाक फिरवायचं होतं. त्याला कोणीतरी पुली बसवून मोटर जोडून दिली होती. हाताने जे चाक सावकाश फिरायचं ते मोटरवर कितीतरी पट वेगाने फिरायला लागलं, पण चारा सारायची पन्हळ तेवढीच आखूड राहिली, चारा आत ओढणाऱ्या रोलरवर झाकण नव्हतं आणि मागे फिरवायची काही सोय नव्हती. चारा अडकला, आबांनी तो पुढे दाबला, आणि रोलरने हात धरला. रोलरचे दात चारा सोडत नाहीत तसे हातही सोडत नाहीत. त्यानंतर आम्ही सगळा चारा अडकित्त्याने, म्हणजे चारा कापायच्या हाताच्या पात्याने, कापत होतो, नाहीतर अख्ख्या पेंढ्याच टाकत होतो. अख्खा टाकला की म्हशी पाला खातात आणि ताटाचा बुडखा पायाखाली तुडवतात. दिवसाला पंधरा पेंढ्या लागायच्या. आता कुट्टी करून दहा-अकरात भागतं. हा हिशेब मी स्वतः एक महिनाभर खडूने भिंतीवर लिहून काढला आहे.

तर मशीन बघायला गेले तेव्हा माझा पहिला प्रश्न एकच होता: हे थांबतं कसं? दोन दुकानांत मला याचं उत्तर मिळालं नाही. मोटर किती एचपीची, तासाला किती किलो कापतं, रंग कोणता, हेच सांगत राहिले. एकाने तर मशीन चालू करून दाखवायलाच नकार दिला, म्हणाला घरी नेल्यावर कळेल. तिसऱ्या ठिकाणी, धुळ्याच्या या वर्कशॉपात, मी घरून पोत्यात बांधून दादरच्या दोन पेंढ्या आणि नेपियरची एक मोळी नेली होती. तिथला म्हातारा मिस्त्री ते बघून खूश झाला. म्हणाला, "ताई, मोटर कोठेबी भेटी जाई. पातं दखा, नि उलटा गियर दखा." मग त्याने स्वतः पेंढी लावली, अर्धी आत गेल्यावर लिव्हर ओढलं, आणि पेंढी सरसर बाहेर आली. मला म्हणाला, आता तुम्ही करा. मी पाच-सहा वेळा केलं. ओल्या नेपियरवर केलं, कारण ओला चारा रोलरला जास्त चिकटतो.

ही परीक्षा प्रत्येकाने दुकानातच करावी. लिव्हरला तीन जागा असतात: पुढे, मध्ये सुटं, मागे. मधल्या जागेवर रोलर पूर्ण थांबला पाहिजे, हळूहळू फिरत राहिला तर गियर नीट सुटत नाही असं समजायचं. आणि लिव्हर एका हाताने, जोर न लावता ओढता आलं पाहिजे. संकटाच्या वेळी दोन हात मोकळे नसतात.

दुसरी गोष्ट पन्हळीची. तोंडापासून रोलरपर्यंतचं अंतर आपल्या हातापेक्षा जास्त हवं आणि रोलरच्या बाजूचा भाग वरून पत्र्याने झाकलेला हवा. हात पूर्ण लांबवूनही बोटं रोलरला लागता कामा नयेत. माझ्या मशीनची पन्हळ बरी होती, पण मी ती गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून आणखी दीड फूट वाढवून घेतली. तिसरी गोष्ट, पाती बसवलेल्या चाकावरचं जाळीचं किंवा पत्र्याचं आवरण. ते नटबोल्टने बसवलेलं असावं, नुसतं अडकवलेलं नको.

आता उंचीचं सांगते. हे मशीन पाच फूट आठ इंचांच्या माणसासाठी बनवलेलं आहे. लिव्हर उजवीकडे, वरच्या अंगाला. माझा हात तिथे पोचायचा, पण टाचा उचलाव्या लागायच्या. खानदेशात गोठ्यातलं काम किती घरांमध्ये बायका करतात ते सगळ्यांना माहीत आहे, तरी मशीन बनवताना आमचं माप कोणी घेत नाही. मी लिव्हरला एक फुटाची सळई जोडून ती खाली वाकवून घेतली, टोकाला लाल प्लास्टिकची मूठ बसवली. खर्च दोनशे रुपये. शिवाय मशीनखाली चौथरा न करता मी उभी राहते तिथे चार इंचांचा ओटा केला. साडीचा पदर खोचून वर जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात तसा मी घालत नाही, कारण सैल बाही ही पदराइतकीच वाईट. पदर कमरेला घट्ट, बांगड्या वर सरकवून वर रबर, केस बांधलेले. सासूबाई अजूनही दर वेळी ओरडतात, "पह्यले बंद कर, मंग हात घाल." मी त्यांना कधी "माहीत आहे" असं म्हणत नाही.

एक गोष्ट नवीन माणसाला कळत नाही: बटण बंद केलं तरी चाक फिरत राहतं. वजनदार चाक आहे, त्याच्यात जोर साठलेला असतो. माझ्या मशीनचं चाक बटण बंद केल्यावर जवळजवळ मिनिटभर फिरतं. आवाज थांबला म्हणजे पातं थांबलं असं नाही. डोळ्यांनी चाक बघायचं, मगच आवरण उघडायचं. धार लावताना किंवा पातं बदलताना वायर प्लगमधून काढून स्वतःजवळ ठेवायची आणि चाकात खुंटी घालायची. काही मशीनना चाक अडवायची पिन दिलेली असते. माझ्या मशीनला नव्हती, मी भोक पाडून घेतलं.

मोटरबद्दल. मी 3 एचपी सिंगल फेज घेतली, म्हणजे साधारण 2.2 किलोवॅट. शेतातली थ्री फेज लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री, आणि रात्री अंधारात कुट्टी करणं मला मान्य नाही. घरची लाइन सिंगल फेज, ती बहुतेक वेळ असते. पण संध्याकाळी गावात सगळे एकदम वीज वापरतात तेव्हा व्होल्टेज पडतं. पहिल्या वर्षी माझा कपॅसिटर दोनदा गेला, कारण संध्याकाळी सहा वाजता कुट्टी करत होते आणि वायर बारीक टाकली होती. मग 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, वेगळा एमसीबी बसवला, अर्थिंग करून घेतलं आणि कुट्टीची वेळ पहाटे साडेपाच आणि दुपारी तीन केली. तेव्हापासून मोटरला हात लावावा लागलेला नाही. ज्यांच्याकडे व्होल्टेज 180 च्या खाली जातं त्यांनी 3 एचपीच्या मागे न लागता आधी वायरमनला घरी बोलवावं.

तासाला 800 किलो कापतं असं माहितीपत्रकावर लिहिलं होतं. ओला नेपियर सलग लावला आणि मागे एक माणूस मोळी द्यायला असला तर 500 पर्यंत जातं. कोरडा दादर लावला तर अडीचशे-तीनशे. मला यात तक्रार नाही, आठ-नऊ ढोरांना अर्ध्या तासाचं काम आहे. पण मुरघासासाठी, म्हणजे खड्ड्यात हवाबंद मुरवायच्या चाऱ्यासाठी, हे मशीन घेऊ नका. मी 2023 साली अर्ध्या एकरातला मका चिकात असताना कापून मुरघास करायला घेतला. सात-आठ टन चारा. या मशीनवर तो कापायला वीज जात-येत तीन दिवस लागले. खड्डा एक-दोन दिवसांत भरून, दाबून, हवा काढून बंद व्हायला पाहिजे असतो. तिसऱ्या दिवशी खालचा थर गरम लागत होता. दीड महिन्याने उघडला तेव्हा वरचा हातभर थर काळा पडलेला, बुरशी लागलेला निघाला, तो उकिरड्यावर टाकला. म्हशींना बुरशीचं काही घालायचं नाही हे तरी मी पाळलं. पुढच्या वर्षी ट्रॅक्टरवर चालणारं मशीन भाड्याने आणलं आणि एका दिवसात काम संपलं. त्यामुळे मुरघासाचं मशीन भाड्याने आणावं आणि रोजच्या कुट्टीचं घरचं असावं, असं माझं मत झालं आहे.

मशीन आणल्यानंतर पाचव्या आठवड्यात रोलरच्या शाफ्टची चावी, म्हणजे खाचेत बसणारी लोखंडी पाचर, निसटली. चाक फिरतंय, रोलर थांबलेला. वर्कशॉपवाला फोनवर म्हणाला शाफ्ट घेऊन या. घेऊन गेले, त्याने खाच मोठी केली, नवी चावी बसवली, पैसे घेतले नाहीत. पण नऊ दिवस लावले. त्या नऊ दिवसांत आम्ही पुन्हा अडकित्ता काढला. काम चांगलं केलं, वेळ वाईट लावला, असंच मी म्हणेन. आता चावी, दोन बेल्ट आणि पात्यांची एक जोडी घरात ठेवलेली असते.

म्हशींच्या दुधाचा एक अनुभव. मशीनला दोन गियर आहेत, एकावर कुट्टी बारीक होते, दुसऱ्यावर जाड. सुरुवातीला मी बारीक केली, कारण दिसायला छान आणि गव्हाणीत काही उरत नव्हतं. महिनाभरात डेअरीवर फॅट 7 वरून 6.2 वर आला. डॉक्टरांनी चारा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, म्हशीला रवंथ करायला काही शिल्लकच ठेवलं नाही तुम्ही. गियर बदलून तुकडा इंचभर केला. पंधरा-वीस दिवसांत फॅट पूर्ववत. तेव्हापासून कोरड्या चाऱ्याला इंचभराचाच तुकडा असतो. ओला चारा लागेल तेवढाच कापते, सकाळचा ढीग दुपारपर्यंत आतून तापतो आणि म्हशी तोंड लावत नाहीत.

इथे एक सावधगिरी. जाड तुकडा हवा म्हणून काही लोक दोन पात्यांपैकी एक काढून टाकतात. तुकडा दुप्पट होतो हे खरं, पण चाकाचा तोल जातो. एका बाजूला वजन, दुसरी बाजू रिकामी. मशीन थरथरायला लागतं, बोल्ट ढिले होतात आणि बेअरिंग खलास होतं. आमच्या गल्लीत एका मशीनचं असं झालेलं मी बघितलं आहे. तुकडा बदलायचा तर गियरनेच बदलावा, आणि ज्या मशीनला दोन गियर नाहीत ते घेऊच नये.

पात्यांवर मी सगळ्यात जास्त लक्ष देते. धार गेली की चारा कापला जात नाही, चिंधीसारखा फाटतो. कुट्टीत लांब दोरे दिसले, बेल्टचा वास आला, मोटर हुंकारायला लागली, की मी मशीन बंद करते. ओल्या चाऱ्यावर धार पंधरा-वीस दिवस पुरते, कोरड्या कडब्यावर आठवडाभर. मुळासकट उपटलेला कडबा विकत घेतला असेल तर त्याला चिकटलेली काळी माती आणि बारीक खडे दोन दिवसांत धार खातात. म्हणून मी असा कडबा आधी झटकते आणि बुडखा कोयत्याने तोडून टाकते. आदल्या रात्री कडब्यावर थोडं पाणी शिंपडलं तर धूळही कमी उडते आणि ताट मऊ पडतं.

धार लावताना दोन चुका मी केल्या. पहिली, ग्राइंडरवर पातं एका जागी धरून ठेवलं. कड निळी पडली. निळी पडली म्हणजे पात्याचं पाणी उतरलं, मग त्याला कितीही घासा, धार टिकत नाही. आता हलक्या हाताने, सारखं पुढे-मागे, मध्ये पाण्यात बुडवून. दुसरी चूक, दोन्ही बाजूंनी घासलं. कुट्टीच्या पात्याला उतार एकाच बाजूला असतो, सपाट बाजू ग्राइंडरला टेकवायची नाही, तिथला बारीक काटा फक्त कानसीने अलगद काढायचा. दोन्ही पाती सारखी घासायची आणि बदलायची तर दोन्ही एकदम. मी त्यांचं वजन किराणा दुकानाच्या काट्यावर करून घेते. दुकानदाराला आता सवय झाली आहे.

पातं परत बसवताना खालच्या स्थिर पट्टीशी असलेली फट बघायची. चाक हाताने फिरवून पातं पट्टीजवळ आणते आणि मध्ये वहीचा कागद धरते. कागद कात्रीने कापल्यासारखा कापला गेला तर बरोबर. नुसता दुमडला तर फट जास्त. पातं पट्टीला घासतंय असा आवाज आला तर मशीन चालूच करायचं नाही. हे दोन्ही टोकांना आणि मध्ये, तिन्ही ठिकाणी बघते, दोन्ही पात्यांचं. पात्याचे बोल्ट मजबूत जातीचेच हवेत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा बोल्ट स्वस्त पडतो, पण तो तुटला तर पातं आवरण फोडून बाहेर येऊ शकतं. स्प्रिंग वॉशर दर वेळी नवा. कामाला सुरुवात करताना रोज पान्याने एकदा तपासते, त्याला एक मिनिट लागतं.

बाकी देखभाल सोपी आहे. आठवड्याला ग्रीस निपलमध्ये ग्रीस, गियरला तेल, मोटरवरचा भुसा ब्रशने झाडणं, बेल्ट अंगठ्याने दाबून अर्धा इंच दबतोय का ते बघणं. नेपियर कापल्यावर रोलरच्या दातांत हिरवा चोथा बसतो. तो तसाच राहिला की आंबतो आणि लोखंड खातो. मी शेवटी मूठभर कोरडा कडबा घालते, तो चोथा ओढून नेतो.

पैशांचं. मशीन मोटरसकट 31,500 ला पडलं. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज केला होता. यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के अनुदान असतं, त्याला वरची मर्यादाही असते. माझ्या नावावर सातबारा आहे म्हणून अर्ज माझ्याच नावाने केला. निवड झाल्यावर आधी पूर्वसंमती येते आणि त्यानंतरच मशीन घ्यायचं. संमतीआधीचं बिल चालत नाही. आमच्या नात्यात एकाने घाईने आधीच मशीन घेतलं आणि अनुदान हातचं गेलं. मशीनचा टेस्ट रिपोर्ट आहे का हेही दुकानदाराला तेव्हाच विचारून घ्या. चार वर्षांत माझ्या पात्यांच्या तीन जोड्या लागल्या, जोडी 850 च्या आसपास, बेल्ट तीन, बेअरिंग एक.

एक-दोन ढोरं असतील तर हाताचं चाक असलेलं मशीन पुरतं, आणि ते मोटरला जोडू नका, कृपा करून. पंधराच्या पुढे असतील तर 5 एचपी किंवा ट्रॅक्टरवरचं बघा. सहा ते दहा ढोरांच्या घराला हे माप बरोबर आहे. हेच मशीन मी पुन्हा घेईन का? घेईन, पण या वेळी लिव्हर आणि पन्हळ वर्कशॉपातच माझ्या मापाने करून मागेन. मागच्या महिन्यात मी फोन करून त्या मिस्त्रीला हे सांगितलं. त्याने माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंतचं माप विचारलं आणि लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात आबांबरोबर धुळ्याला जाणार आहे, त्यांच्या सुनेला मशीन घ्यायचं आहे. पोत्यात काय न्यायचं ते आबांनी आधीच बांधून ठेवलं आहे, दादरच्या दोन पेंढ्या आणि नेपियरची मोळी.